काना हाताशी हवा

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या मागच्या खोलीत, खिडकीखाली, एक उतरतं टेबल आहे. त्यावर छापखान्यातली टाइपाची केस ठेवली आहे. लाकूड वापरून वापरून काळंभोर झालंय, खणांच्या कडा बोटांनी गुळगुळीत झाल्यात. एकेकाळी या खणांत शिशाचे टाइप असत. आता एका खणात मोत्याचे अर्धे मणी आहेत, दुसऱ्यात पंचने कापलेली पिंपळपानं, तिसऱ्यात क्विलिंगच्या तीन मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यांची भेंडोळी, चौथ्यात वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली जर. या घरातल्या आजी बरीच वर्षं हाताने शुभेच्छापत्रं करतात. आजोबा कंपोझिटर होते, म्हणजे टाइप जुळवणारे. जुळणीचा छापखाना बंद झाला तेव्हा सामान भंगारात निघालं, आणि ही केस त्यांनी पुढे कधीतरी जुन्या बाजारात, रविवारी सकाळी, मंगळवार पेठेतल्या फुटपाथवर ओळखली. त्यांच्याच छापखान्यातली असेल असं नाही. पण घेतली आणि रिक्षात घालून घरी आणली.

मी गेले होते कार्डाच्या सामानाची मांडणी बघायला. आजोबांनी आधी मला काना समजावला.

“ताई, इंग्रजीला दोन केसेस पुरायच्या. मराठीला चार मांडून उभं राहावं लागायचं. एवढे तुकडे! मग सगळेच कसे हाताशी ठेवणार? ज्याला मागणी जास्त, त्याचा खण मोठा आणि समोर. काना घ्या. मराठी ओळीत पावलापावलाला काना. तो लांब ठेवला तर दिवसभरात माणूस किती वाकेल? आणि ञ? तो जाऊन बसला कोपऱ्यात. त्याचा अपमान नाही त्यात.”

मग त्यांनी आजींच्या केसकडे बोट केलं. समोरच्या मोठ्या खणात डबल टेप, पेन्सिल, सहा इंची स्टीलची पट्टी, घडी दाबायची हाडाची पट्टी. चमकी वरच्या टोकाला, डाव्या कोपऱ्यात, कारण ती वर्षातून दोनदा लागते. सोनेरी रंगाची छोटी बाटली तिच्या शेजारी. सामान आजींचं, जागा आजोबांनी ठरवलेल्या. आजी म्हणाल्या, “पहिल्यांदा मी दिसायला छान लावलं होतं. सगळे मणी एकीकडे, सगळे कागद एकीकडे. हे आठ दिवस नुसते बघत बसले माझ्याकडे. मग एक दिवस मी देवळात गेले तेवढ्यात सगळं बदलून ठेवलं.”

आठ दिवस नुसतं बघत बसणं. ही गोष्ट मी त्या घरातून उचलली. सामान लावायच्या आधी आपला हात कुठे कुठे जातो ते बघायचं.

मी स्वतः वीस वर्षं कार्डं करते. वाढदिवसाची, बारशाची, संक्रांतीची; हलव्याचे दाणे ठेवलेल्या छोट्या पाकिटांसकटची. सामान जमत जातं, आणि एका टप्प्यावर ते लावायची हौस येते. मी बारा खणांचं कपाट घेतलं आणि जातवार लावलं. एका खणात कात्र्या, एकात गोंद, एकात रिबिनी, एकात शिक्के. प्रत्येकावर सुरेख अक्षरात चिठ्ठी. एक साधं कार्ड करायला मला नऊ खण उघडावे लागायचे, हे समजायला दोन वर्षं गेली. काम संपेपर्यंत टेबलावर सगळा पसारा आणि कपाट मात्र नीटनेटकं.

उत्तर स्वयंपाकघरात होतं. मिसळणाच्या डब्यात मोहरी, जिरं, हळद, तिखट, हिंग एकत्र का असतात? दोन बिया, एक कंद, एक फळ, एक झाडाचा चीक. जात एक नाही. पण फोडणीला ती एकापाठोपाठ लागतात, म्हणून एका झाकणाखाली. आणि प्रत्येकाची मोठी बरणी मांडणीवर वेगळी असते, तिथून वाटी भरायची. कोणत्याही आजीने हे शास्त्र म्हणून सांगितलेलं नाही. आपण रोज त्या डब्यात हात घालतो आणि शेजारच्या खोलीत कार्डाचं सामान लावताना ते विसरतो.

तेव्हापासून माझ्याकडे बिस्किटांच्या एका चौकोनी पत्र्याच्या डब्यात कार्डाची फोडणी असते. पेन्सिल, खोडरबर, पट्टी, घडीची रेघ पाडायला शाई संपलेलं बॉलपेन, हाडाची पट्टी, छोटा कटर, टोकदार कात्री, डबल टेप, फोम टेप, चिमटा. दहा वस्तू. हा डबा उघडला की कार्डाच्या अंगाचं काम पूर्ण होतं. रंग, शिक्के, मणी ही पुढची गोष्ट. आणि ते मी प्रसंगाप्रमाणे ठेवते: संक्रांतीचं खोकं, राखीचं खोकं, दिवाळीचं खोकं. दिवाळीच्या खोक्यात पतंगाचा कागद, जिलेटिनचे तुकडे, आकाशकंदिलाच्या झिरमिळ्यांमधून उरलेल्या पट्ट्या. ते खोकं माळ्यावरून नवरात्रात उतरतं.

आता कागद. याच्यावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण कार्ड करणाऱ्यांच्या घरी सगळ्यात जास्त पैसे कागदात असतात आणि सगळ्यात जास्त हेळसांडही कागदाचीच होते.

दुकानात आपण जाड-पातळ म्हणतो, ते मोजतात जीएसएममध्ये, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा. कार्डाला अंग लागतं, २५० ते ३०० जीएसएमचं. ए४ आकाराचा, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटरचा, ३०० जीएसएमचा एक कागद साधारण १९ ग्रॅम भरतो. शंभर कागद म्हणजे जवळजवळ १ किलो ९०० ग्रॅम. उभ्या फाइलमध्ये एवढं वजन सैल ठेवलं की महिन्याभरात कागद कमरेतून वाकतो, आणि वाकलेला जाड कागद पुन्हा सरळ होत नाही. कागद आडवाच ठेवावा. उभा ठेवायचाच असेल तर पुस्तकांसारखा घट्ट ठासून.

डोंबिवलीत एका दोन खोल्यांच्या घरात मी याची उत्तम सोय बघितली. तिथल्या काकू नोकरी करून रात्री कार्डं करतात, वेगळी खोली मिळण्याचा प्रश्नच नाही. त्यांनी साड्यांची चपटी खोकी दुकानातून मागून आणली. ए४ आडवा बसतो, खोली चार बोटं. पलंगाखाली अशी सात खोकी एका फळीवर ठेवली आहेत, फळीला खाली छोटी चाकं. प्रत्येक खोक्याच्या पुढच्या बाजूला आतल्या कागदांच्या बोटभर पट्ट्या चिकटवल्या आहेत. नाव लिहिलेलं नाही, कागदाचाच तुकडा. झाकण न उघडता रंग कळतो, बोट फिरवलं की पोतही कळतो. माझ्या सुरेख अक्षरातल्या चिठ्ठ्या आठवून मी त्या पट्ट्यांकडे बराच वेळ बघत बसले.

त्याच पट्ट्यांवर काकूंनी पेन्सिलीने एकेक बाण काढला होता. हा बाण कार्ड करणाऱ्या प्रत्येकाने काढायला हवा. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदाचे तंतू बरेचसे एका दिशेने पडतात. छापखान्यातले लोक याला ग्रेन म्हणतात. ग्रेनच्या बाजूने घडी घातली तर ती सुरेख बसते; आडवी घातली तर जाड कागद घडीवर तडकतो, वरचा रंग फुटतो आणि आतला पांढरा दिसतो. ओळखायला सोपं आहे. कागद टेबलावर ठेवून घडी न पाडता नुसता अर्धा वळवायचा, आधी लांबीने, मग रुंदीने. ज्या बाजूने तो कमी विरोध करतो, त्या वळणाच्या रेषेला समांतर ग्रेन. घरी आणल्याबरोबर गठ्ठ्यातला एक कागद असा बघून बाण काढून ठेवला की पुढे विचार नाही.

बाजारातल्या बऱ्याच ए४ कागदांत ग्रेन लांबीच्या दिशेने असतो. असा कागद सरळ मधोमध दुमडून ए५ कार्ड केलं तर घडी ग्रेनला आडवी जाते. पण तोच आधी अर्धा कापला, दोन ए५ तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा दुमडला, की घडी ग्रेनबरोबर जाते आणि एका कागदातून ए६ आकाराची दोन कार्डं निघतात. ती सी६ पाकिटात, म्हणजे ११४ बाय १६२ मिलिमीटरच्या, नीट बसतात. आता काकू कागद आणतात तेव्हाच अर्धे कापून ठेवतात. त्यांच्या चार खोक्यांत पूर्ण ए४ कागद नाहीतच.

हातकागदाची गोष्ट निराळी. साच्यात लगदा उचलून, हलवून तो तयार होतो, तंतू चारी दिशांना पडतात, त्यामुळे ग्रेनचा जाच जवळजवळ नसतो. त्याच्या फाटक्या कडा हेच त्याचं रूप. महाराष्ट्राला या कागदाची जुनी ओळख आहे. जुन्नरचा कागद एके काळी प्रसिद्ध होता, दौलताबाद-वेरुळच्या वाटेवरच्या कागजीपुऱ्याचं नावच त्या धंद्यावरून पडलं, आणि पुण्यात कसबा पेठेत कागदीपुरा आहे. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० सालची, गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या प्रेरणेतून के. बी. जोशी यांनी उभी केलेली. सुती चिंध्यांचा लगदा करून तिथे कागद होतो. राज्यघटनेची हिंदी हस्तलिखित प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी लिहिली, तिचा कागद पुण्याच्या याच हातकागदाच्या केंद्रातला. आपण चाळीस-पन्नास रुपयांचा कागद हातात घेतो, तेव्हा त्याच्यामागे एवढं काही असतं. तो कपाटाच्या तळाशी चेंगरून ठेवायची माझी आता छाती होत नाही.

पूर्वी झाली होती. एका उन्हाळ्यात मी चाळीसेक ताव घेतले होते, फिकट हळदी रंगाचे, आत झेंडूच्या पाकळ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड चिकटवून, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, भिंतीलगत ठेवले. श्रावणात काढले तेव्हा कुबट वास, कोपऱ्यांवर तांबूस ठिपके आणि दोन तावांवर कसरीने खरवडलेल्या वाटा. एका तावाच्या झेंडूच्या पाकळीभोवती करड्या बुरशीचं कडं धरलेलं होतं. तो ताव अजून माझ्याकडे आहे. पिशवी बंद केली की दमटपणा बाहेर राहील असं मला वाटलं होतं. पण पावसाच्या तोंडाशी हवेतला दमटपणा कागदाने आधीच पिऊन ठेवला होता, आणि तो मी आत कोंडला.

रत्नागिरीजवळ एका घरी मला याचा इलाज दिसला. तिथे जून ते सप्टेंबर भिंती घाम गाळतात. घरातल्या वहिनी लग्नाच्या रुखवतासाठी कागदी काम करून देतात. त्यांचा सगळा कागद मे महिन्याच्या कडक दिवसांत एक दुपार सावलीत, वाऱ्यावर पसरला जातो. उन्हात नाही, कारण उन्हाने रंग उडतो. मग धुतलेल्या सुती कापडात बांधून लाकडी पेटीत. पेटी जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून हातभर लांब. आत वेखंडाच्या कांड्या. “सासूबाई पोथ्या अशाच ठेवायच्या,” त्या म्हणाल्या. पेशवे दफ्तरातले मोडी कागदही असेच कापडाच्या रुमालांत बांधून ठेवलेले असतात. कापडातून कागद श्वास घेतो, धूळ मात्र आत जात नाही. हल्ली बुटांच्या खोक्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्याही वहिनी त्या पेटीत टाकतात, पण दर महिन्याला त्या बदलतात, कारण पुडीने एकदा पाणी धरलं की ती वाळवल्याशिवाय तिचा उपयोग नाही.

कसर येते ती मुख्यतः खळीसाठी. बाइंडिंगवाले गव्हाच्या पिठाच्या खळीत मोरचूद घालतात ते उगाच नाही. मोरचूद विषारी, घरात मुलं असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नये. खळ लागेल तेवढीच करावी आणि उरली तर टाकून द्यावी. फेव्हिकॉल चांगला, पण त्यातही पाणी असतं. मोठ्या पृष्ठभागावर लावला की कागद एका बाजूने फुगतो आणि कार्ड होडीसारखं वळतं. म्हणून मोठ्या कागदाला डबल टेप आणि लहान तुकड्यांना फेव्हिकॉलचा थेंब. थेंब मी टूथपिकनेच लावते, आणि टूथपिक फेव्हिकॉलच्या शेजारीच राहतात.

शिक्के आणि शाईचे पॅड ही घरोघरची दुर्लक्षित मंडळी. फोमचे रंगद्रव्याचे पॅड उलटे ठेवले की शाई वरच्या पृष्ठभागाशी राहते. दोन टोकांचे मार्कर आडवे ठेवावेत, उभे ठेवले की शाई एका टोकाला उतरते आणि दुसरं कोरडं पडतं. पारदर्शक शिक्के वापरल्यावर लगेच ओल्या फडक्याने पुसून प्लॅस्टिकच्या पानावर चिकटवून ठेवावेत. कापायचे धातूचे साचे, ज्यांना डाय म्हणतात, ते चुंबकाच्या चादरीवर लावून वहीसारखे ठेवले तर एकही हरवत नाही.

धारेच्या वस्तूंबद्दल मात्र मला थांबून बोलावंसं वाटतं. खटकन पातं मोडून नवं टोक काढायचा कटर १९५६ साली ओसाकातल्या योशिओ ओकादा यांनी काढला. चॉकलेटची वडी जशी रेषेवर मोडते आणि चांभार काचेचा तुकडा बोथट झाला की फोडून नवी धार काढत, या दोन गोष्टींवरून त्यांना ते सुचलं. ओल्फा हे नावही पातं मोडण्याच्या जपानी शब्दांवरून आलं. आपल्याकडे नऊ आणि अठरा मिलिमीटर रुंदीची पाती सगळीकडे मिळतात. गोष्ट अशी की पातं मोडायसाठीच आहे, आणि आपण ते मोडत नाही. बोथट पात्याने जोर लावतो, पट्टीवरून हात सटकतो, बोट कापतं. मोडलेलं टोक कुठे टाकायचं हे ठरलेलं नसतं, म्हणून मोडायचं राहून जातं. माझ्या डब्याशेजारी एक फिल्मच्या रोलची जुनी डबी आहे, झाकणाला फट पाडलेली. तुकडे त्यात पडतात. डबी भरली की चिकटपट्टीने बंद करून, वर “पाती” असं लिहून, कचरा नेणाऱ्या ताईंच्या हातात वेगळी द्यायची. ती डबी आल्यापासून मी पातं वेळेवर मोडते.

कापायची हिरवी चटई आडवीच ठेवावी, तिच्यावर चहाचा गरम कप ठेवू नये, गाडीत उन्हात सोडू नये. एकदा वळली की पट्टी तिच्यावर सपाट बसत नाही.

सिन्नरच्या बाजूला एका गावात बचत गटाच्या खोलीत दहाबारा बायका राख्या आणि दिवाळीची कार्डं करतात. घरच्या मांडणीत आणि तिथल्या मांडणीत मोठा फरक. तिथे हत्यारं सगळ्यांची असतात, म्हणून कुणाचीच नसतात, आणि सुरुवातीच्या काळात दर आठवड्याला एक कात्री गायब व्हायची. चोरीचा संशय आला की गट मोडतो, हे गटाच्या ताईंना ठाऊक. त्यांचे भाऊ गॅरेजमध्ये कामाला. तिथलं बघून त्यांनी भिंतीवर एक फळी ठोकली, प्रत्येक हत्यार खिळ्याला अडकवून त्याच्याभोवती लाल रंगाने रेघ मारली. संध्याकाळी खोली बंद करताना नुसतं भिंतीकडे बघायचं. लाल रेघेच्या आत रिकामी जागा दिसली की कात्री अजून कुणाच्या तरी कागदाखाली आहे. सगळ्या मिळून शोधतात. कुणाला विचारावं लागत नाही, कुणावर बोट जात नाही. मी गेले त्या संध्याकाळी एक पंच सापडत नव्हता. तो एका आजींच्या ओच्यातून निघाला आणि सगळ्या हसल्या.

उरलेले तुकडे हा या छंदातला सगळ्यात अवघड भाग, कारण टाकवत नाहीत. लग्नपत्रिका त्यात पहिल्या. इतका चांगला कागद, वर उठावदार गणपती. देवाचं चित्र केराच्या टोपलीत टाकायला हात होत नाही. घरोघर कपाटांच्या डोक्यावर पत्रिकांचे गठ्ठे असतात ते यामुळे. मी पत्रिका आली की लग्न झाल्यावर आठवड्याभरात ती सोडवते. गणपती कापून एका श्रीखंडाच्या डब्यात. कोरा मागचा भाग ए६ला पुरला तर कागदाच्या खोक्यात. सोनेरी किनार लांब पट्टीत कापून गुंडाळून. बाकी रद्दीत. हे गणपती नव्या घराच्या, मुंजीच्या, नव्या दुकानाच्या कार्डांवर जातात. एका घरच्या शुभकार्यातून दुसऱ्या घरच्या शुभकार्यात. आणि तुकड्यांना माझं एकच माप आहे: तळहातापेक्षा लहान तुकडा ठेवायचा असेल तर तो त्याच दिवशी पंच करून फूल किंवा पान करून ठेवायचा. नुसता तुकडा म्हणून ठेवायचा नाही.

याहून अवघड म्हणजे चांगला कागद राखून ठेवण्याची सवय. मी ज्या ज्या घरी गेले, तिथे एक तरी गठ्ठा असा निघाला जो कुणी कधी वापरलेला नव्हता. “चांगल्या कामाला ठेवलाय.” डोंबिवलीच्या काकूंकडे तो सातव्या खोक्यात होता, वहिनींकडे पेटीच्या तळाशी. माझ्याकडचा श्रावणात गेला. मांडणीचा मला दिसलेला सगळ्यात मोठा उपयोग हाच: कागद डोळ्यांसमोर आला की तो वापरला जातो. काकूंनी मी गेल्यावर त्या सातव्या खोक्याची जागा बदलली. आता ते सगळ्यात वर आहे.

सदाशिव पेठेत मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा आजी नातीच्या वाढदिवसाचं कार्ड करत होत्या. राखून ठेवलेला जांभळा हातकागद त्यांनी त्या दिवशी काढला होता. केसच्या उजवीकडच्या एका खणात आजोबांनी अजूनही शिशाचे वीसेक टाइप ठेवले आहेत, घरातल्या माणसांच्या नावांपुरते. नातीचं नाव मीरा. आजींनी हात पुढे केला. आजोबा माझ्याशी बोलत होते, खणाकडे बघतही नव्हते. टाइपाच्या अंगाला एक खाच असते, सुलटा-उलटा बोटालाच कळतो. त्यांनी एकेक तुकडा चाचपून काढला, जुळणीच्या स्टिकमध्ये लावला, आणि शेवटचा तुकडा लावताना म्हणाले, “हा काना.”

आजींनी शाई लावून नाव दाबलं. आजोबांनी टाइप फडक्याने पुसले, एकेक करून खणात परत टाकले आणि हात धुवायला गेले.